सहा अटी आणि बटाट्यांची पिशवी

कुमुद,

तुझ्या सालेमचा फोन आला तेव्हा मी तुझीच यादी घेऊन बसले होते. जुलैत तू येणार, म्हणून हिंगाच्या दोन डब्या, सुती परकर, तीन थर्मामीटर, तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांना चोळायचं मलम आणि नूरासाठी इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक. पहिल्या तीन गोष्टी आणून झाल्या होत्या, त्यांच्यापुढे टिक होती. फोन ठेवून मी परत टेबलाशी आले आणि, तुला खरं वाटणार नाही, चौथी ओळ वाचली. मलम. मग पाचवी वाचली. दुसरं काय करायचं ते सुचेना.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "यादीबाई, माझ्यापुढेही टिक केलीस का?"

नाही केली. तीन आठवडे झाले, ती यादी फ्रिजच्या दारावर तशीच आहे. श्रीधरनं दोनदा काढायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा करणार नाही.

तू गेल्याचं लिहायला बसले तर तुझं शिक्षण, नोकरी, कुठून कुठे गेलीस, हे सगळं मला तारखांसकट लिहिता येईल. नर्सिंग सोडल्यापासून हॉस्पिटलात माझं कामच ते, लोकांच्या तारखा लावायच्या. पण ते तुला कशाला सांगू? तुला मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी दहा वर्षं सांगितलेली नाही. तू दर वेळी विचारलंस. मी दर वेळी, "मला काय माहीत?" म्हणाले. आज तिथपर्यंत यायचं आहे. पण मला क्रमानं जाऊ दे. क्रम सोडला की माझं काय होतं, तुला माहीत आहे.

कार्डिफच्या नर्सेस होमच्या खोलीत तू पहिल्या दिवशी बॅग उघडलीस आणि त्यातून मातीचं खापर काढलंस. अमळनेरहून, विमानातून, साड्यांत गुंडाळून. मी पुण्याची. मी म्हटलं, हे कशाला आणलंस? तू म्हणालीस, "पुरणपोळी काय तव्यावर करतात?" पुढच्या होळीला तू ते गॅसवर उपडं घातलंस, हातावर नाचवत एवढी मोठी पोळी त्याच्या पाठीवर टाकलीस आणि तिसऱ्या पोळीला खापर फुटलं. वॉर्डन धावत आली. तू तिच्या हातात पोळी दिलीस. ती उभ्या उभ्या खाऊन, काही न बोलता निघून गेली. माणसाला गप्प कसं करायचं ते तुला जमायचं.

मी लग्न करून कॉव्हेंट्रीला आले, तू कार्डिफलाच राहिलीस. दर महिन्याला बसनं यायचीस. आणि मग एका शनिवारी, आमच्या स्वयंपाकघरात वाटाणे सोलता सोलता तू म्हणालीस, "सुधा, मी लग्न करतेय. तो पाण्याचं इंजिनीअरिंग शिकतो. घोटा मोडून माझ्या वॉर्डात होता. जॉर्डनचा आहे. बेदुइन."

"म्हणजे तंबूत राहणारे?"

"तंबू आहे. सरकारनं सिमेंटच्या खोल्याही दिल्यात. त्यात शेळ्या ठेवतात."

मला हसू आलं नाही. तू गेल्यावर मी कागद घेतला आणि हे लग्न का करू नये याची चौदा कारणं लिहून तुला पोस्टानं पाठवली. आठवड्यानं तोच कागद परत आला, प्रत्येक कारणापुढे तुझं उत्तर लिहिलेलं. सातवं, पाऊस आला तर तंबूचं काय? तू लिहिलंस, शेळीच्या केसांचा असतो, भिजला की केस फुगतात आणि भोकं बुजतात, तुमच्या छपरापेक्षा बरा. अकरावं, तुला शेळीची भीती वाटते. तू लिहिलंस, शेळीला कळवलं आहे. तेराव्यापुढे, तुझ्या वडिलांचं काय, तिथे तू त्यांचं पोस्टकार्डच टाचणीनं लावलं होतंस. त्यात दोन ओळी होत्या. आम्हाला एकच मुलगी होती, ती आता नाही.

चौदाव्यापुढे तू काही लिहिलं नव्हतंस. चौदावं होतं, "मी कुणाशी बोलू?"

तो कागद अजून माझ्याकडे आहे.

तुझी तिकडची पहिली दोन वर्षं मी पत्रांतून जगले. पहाटे उठून आधी काड्या गोळा करायच्या. पाणी किती जपून वापरायचं. तंबूची बाजू विणायला जमिनीवर बसायचं, सगळ्या बायका एका रांगेत, आणि तुझी पट्टी वाकडी झाली म्हणून तुझ्या नणंदेनं हसत हसत सगळी उसवली. सासूबाईंना कुणी नावानं हाक मारत नाही, थोरल्या मुलाच्या, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या, नावावरून उम्म सालेम म्हणतात, म्हणजे सालेमची आई. आणि सासरे अबू सालेम. तू लिहिलं होतंस, "मी अजून कुणाचीच आई नाही, म्हणून मला नुसतं 'अगं ए' म्हणतात. आपल्याकडे तरी वेगळं काय असतं?" डोक्यावरून कपडा घ्यावा लागतो याबद्दल मी काळजीनं विचारलं तर उत्तर आलं, आजीचा पदर आठव, हा थोडा जास्त लांब, एवढंच.

आणि ती भाकरी! लोखंडाची घुमटासारखी उपडी कढई चुलीवर ठेवतात आणि तिच्या पाठीवर कागदासारखी पातळ भाकरी टाकतात. नव्या सुनेला ती महिनोन्‌महिने जमत नाही, बायका बघायला आणि हसायला जमतात. तू पुढे झालीस, पीठ हातावर नाचवलंस, आणि पहिलीच भाकरी अखंड उतरवलीस. उम्म सालेम तुझे हात उलटसुलट करून बघत राहिल्या. तू लिहिलंस, "त्यांना वाटतं माझ्या पूर्वजांत कुणीतरी त्यांच्यातलं असणार. मी म्हटलं, अमळनेर." ते पत्र मी श्रीधरला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी खूश झाले होते. जरा चिडलेही होते. तुला जमायला नको होतं, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. हे पण आजच लिहून टाकते.

मग नूरा झाली, तू उम्म नूरा झालीस, आणि पत्रं लहान होत गेली.

अठ्ठ्याऐंशीच्या वसंतात तू दारात उभी राहिलीस. हाताशी चार वर्षांची नूरा, एक बॅग, पायात बिनमोज्यांचे बूट. म्हणालीस, "माहेरी आलेय. काही दिवस राहीन."

गोष्ट काय, ती तू जेवताना सांगितलीस. वस्तीत नवा दवाखाना झाला होता. तिथे नर्स म्हणून काम करायचं, हे सालेमनं लग्नाआधीच कबूल केलं होतं. त्याच्या चुलत्यांनी नको म्हटलं. परक्या पुरुषांना इंजेक्शनं द्यायची, हे कसं दिसतं? आणि सालेम बैठकीत गप्प बसला. नको म्हणाला असता तरी चाललं असतं, पण गप्प बसला.

"म्हणून सोडलंस?"

"सोडलं कुठे? रुसलेय."

मी ते ऐकलं आणि बाजूला ठेवलं. माणूस दोन हजार मैलांवर रुसायला येत नाही, असा माझा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. अडगळीच्या बॉक्स रूममधले खोके वर माळ्यावर टाकले, पलंग लावला. नूराच्या शाळेसाठी कौन्सिलचा फॉर्म आणला. आमच्या हॉस्पिटलात नर्सेसच्या जागा होत्या, त्याचा अर्ज अर्धा मीच भरला. एका वकीलबाईंची वेळ घेतली. तू सगळं बघत होतीस आणि नूराचे केस विंचरत होतीस.

"सुधा, तिकडून माणसं येतील."

"कोण येतंय इतक्या लांब?"

"येतील. रुसलेली बायको बापाच्या घरी जाते. मग सासरची मोठी माणसं तिला न्यायला येतात, घरच्यांशी बोलतात, काय चुकलं ते कबूल करतात. असंच असतं. जिला बापाचं घर नाही, तिच्या रुसण्याला किंमत नाही. सहा वर्षं मी तिथे रुसू शकले नाही, कारण जाणार कुठे? आता मी त्यांना सांगून आलेय की कॉव्हेंट्रीला माझं माहेर आहे." मग तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "ती आली की मला खाली बोलावू नकोस. मी यायचं नसतं. तू बोल."

तुला काय मागायचं होतं ते मला त्या वाक्यात समजायला हवं होतं. तुला मी घर म्हणून हवी होते, पाठीशी उभं राहणारं. मी तुला खोली दिली, पलंग दिला, वकील दिला.

आणि ती आली. तिसऱ्या आठवड्यात, शनिवारी दुपारी. श्रीधर कारखान्यात ओव्हरटाइमला गेला होता. दारात तीन माणसं. मधे अबू सालेम, लांब झगा, वर इंग्लंडच्या थंडीसाठी कुणाचा तरी ओव्हरकोट. त्यांच्या शेजारी ते चुलते. आणि सालेमचा चुलतभाऊ हमदान, तिशीचा, कार्डिफला शिकलेला, तो भाषांतर करायला. दोन उंट विकून तिकिटं काढली होती, हे मला मागाहून कळलं.

"घरातले पुरुष कुठे आहेत?" हमदाननं अदबीनं विचारलं.

"मी आहे. बोला," मी म्हटलं.

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बसले. मी कॉफी केली. आपली नेहमीची, डब्यातली, दूध घालून. तिघांसमोर तीन कप ठेवले. अबू सालेमनी कप उचलला, मान झुकवली आणि समोरच्या टेबलावर परत ठेवून दिला. बाकीच्या दोघांनीही तसंच केलं. मग अबू सालेम बोलू लागले. हमदान सांगत होता, आमच्या मुलीला न्यायला आलो आहोत, तिच्या मनाला लागलं आहे, आमच्याकडून चूक झाली. तुझ्या घराचा मान, तुझ्या छपराचा मान, असं बरंच. मी ऐकून घेतलं. म्हटलं, कुमुद इथे बरी आहे, नूराची शाळा ठरते आहे, नोकरीचंही होईल. हमदाननं ते सांगितलं. कॉफीवर साय धरली.

आणि मी तिन्ही कप उचलले, आत नेले आणि धुऊन टाकले.

बाहेर आले तर तिघं उभे होते. अबू सालेमनी छातीवर हात ठेवला, मान लववली आणि ते निघून गेले. दार मी लावलं. चहाच्या वेळेच्या आत सगळं आटोपलं, असंही मला वाटलं.

तू जिन्यावरून आलीस. "गेले? इतक्यात? कॉफी प्यायले का?"

"कुठली? गार करून ठेवली. नुसती वाया."

"कप कुठे आहेत?"

"धुतले."

तू तिथेच पायरीवर बसलीस. रडतेस की हसतेस ते मला कळेना. म्हणालीस, "मागणं घेऊन आलेली माणसं कॉफी पीत नाहीत गं. कप समोर ठेवतात. घरच्यांनी 'प्या, दिलं' म्हटलं की मग पितात. तू कप उचलून नेलेस. तू त्यांना नाही म्हणालीस. सगळ्या टोळीला नाही म्हणालीस!"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा.

ते चार दिवस मला आठवतात तसे मला माझ्या बाळंतपणाचेही आठवत नाहीत. मी म्हटलं, फोन कर, सांग की चूक झाली. तू म्हणालीस, आपण फोन करायचा नसतो. मी म्हटलं, मग मी करते. तू फोनवर हात ठेवलास. "त्यांना परत यावंसं वाटलं तर येतील. नाही आले तर नूराची शाळा बघ." तुझा आवाज इतका साधा होता की मी वकीलबाईंची वेळ रद्द केली. का केली, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. तू जेवत होतीस, नूराला न्हाऊ घालत होतीस, आणि गाडी थांबल्याचा आवाज आला की तुझा हात थांबत होता. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तुला परत जायचं होतं. तिकडचं वाळवंट, ती वाकडी पट्टी, ती कढई, तो गप्प बसलेला माणूस, सगळं तुला हवं होतं. फक्त मान राखून हवं होतं.

बुधवारी ते आले. या वेळी पाच जण. कार्डिफच्या गोदीवर आयुष्य काढलेले एक म्हातारे येमेनी गृहस्थ मध्यस्थ म्हणून बरोबर आणले होते. तू वरच्या मजल्यावर पळण्याआधी श्रीधरचे दोन्ही खांदे धरून त्याला बजावलंस, "आज तुम्ही बोलायचं. माझ्या भावाच्या नात्यानं. अटी घालायच्या. घाबरायचं नाही."

"पण अटी कुठल्या?" श्रीधर म्हणाला.

अर्थातच मी लिहून ठेवल्या होत्या. माझ्या पर्समधल्या वहीत, हाताला आलेल्या पानावर.

पाच कप टेबलावर. पाचही भरलेले. श्रीधरनं चष्मा लावला आणि शाळेतल्यासारखं उभं राहून वाचायला लागला. कुमुद दवाखान्यात काम करील, आठवड्यातून पाच दिवस, आणि सालेमनं तसं बैठकीत तोंडानं सांगायचं. दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात ती सहा आठवडे माहेरी येईल. महिन्याला एक फोन. नूराची शाळा शेवटपर्यंत. सिमेंटच्या घरातली एक खोली कुमुदची, आतून कडी असलेली. आणि तिची पत्रं कुणी फोडायची नाहीत. हमदान एकेक सांगत होता. पहिल्या अटीला चुलत्यांनी डोळे मिटले, अबू सालेमनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. प्रत्येक अटीला अबू सालेम दाढीवर हात ठेवून म्हणत, दिलं.

श्रीधर पुढे वाचत गेला. "बटाटे, मोठी पिशवी. वॉशिंग पावडर."

पान एकच होतं ना!

मी त्याच्या सदऱ्याला मागून ओढलं. उशीर झाला होता. हमदाननं गंभीरपणे भाषांतर केलं. अबू सालेम जरा थांबले. येमेनी आजोबांशी काहीतरी कुजबुजले. आजोबांनी खांदे उडवले. प्रत्येक जमातीची आपली रीत असते, असं काहीसं ते म्हणाले असावेत. मग अबू सालेमनी दाढीवर हात ठेवला. दिले.

मी म्हटलं, "प्या."

ते कॉफी प्यायले. आपली डब्यातली, साय आलेली, गार. चुलत्यांनी तोंड वाकडं केलं तरी पूर्ण प्यायले. वर जिन्यात तू तोंडात पदर कोंबून हसत होतीस, ते आम्हाला खालपर्यंत ऐकू येत होतं.

पहिल्या वेळी मी दिलेल्या नकारानं तिकडे तुझी किंमत वाढली, हे तू पुढच्या पत्रात लिहिलंस. उम्म नूराच्या माहेरच्यांनी एकदा सरळ परत पाठवलं, दुसऱ्यांदा मोठी माणसं घेऊन जावं लागलं, तेव्हा कुठे मुलगी दिली! तुझ्या नणंदेनं तुझी वाकडी पट्टी परत कधी उसवली नाही. दवाखान्यात तू दहा वर्षं इंजेक्शनं दिलीस, बाळंतपणं केलीस, त्या चुलत्यांच्या सुनेचंही. आणि त्यांच्यातलं कुणीही इंग्लंडला आलं, डॉक्टरला दाखवायला, शिकायला, तर वाट वाकडी करून आमच्या दारी यायचं आणि हातात बटाट्यांची पिशवी. आमच्या गल्लीत कुणाला कळत नव्हतं की अरबी झगा घातलेली माणसं आमच्याकडे भाजी का घालतात. श्रीधर म्हणायचा, बरं झालं त्या पानावर टॉयलेट रोल नव्हते.

तू दर दोन वर्षांनी आलीस. अट पाळली गेली. आणि दर वेळी, पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, भांडी पुसता पुसता तू सहज विचारायचीस, "सुधा, खरं सांग. ते कप तू मुद्दाम उचललेस का गं?"

"मला काय माहीत होतं?"

"बरं," म्हणायचीस. आणि पुढचं भांडं घ्यायचीस.

आपलं दुसरं भांडणही चालूच राहिलं. मी विचारायची, तू तिथे सुखी आहेस का? तू विचारायचीस, तू कॉव्हेंट्रीत सुखी आहेस का? मी म्हणायची, हा काय प्रश्न झाला? तू म्हणायचीस, तेच. आणि तू म्हणायचीस, एकदा ये. माहेरचं माणूस कधी येत नाही, लोक विचारतात. मी यायचं ठरवायची. आधी मुलांच्या परीक्षा, मग श्रीधरचा कारखाना बंद झाला, मग माझ्या ऑफिसात कॉम्प्युटर आले. माझ्याकडे न येण्याची कारणं नेहमी क्रमवार तयार असायची.

आता ते सांगते.

त्या शनिवारी, कॉफीवर साय धरत होती तेव्हा मी मधेच आत गेले आणि हमदान उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आला होता. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, आमचे लोक तुम्ही हो म्हटल्याशिवाय पिणार नाहीत. तुम्ही फक्त 'प्या' म्हणा." स्वच्छ इंग्रजीत. मला सगळं समजलं. मी त्याला "थँक यू" म्हटलं, बाहेर गेले आणि कप उचलले.

तुझ्यासाठी नाही उचलले. तुझं भलं त्यात आहे असं मी स्वतःला सांगितलं, पण भरलेला अर्ज, शाळेचा फॉर्म, बॉक्स रूम, हे सगळं मी कुणासाठी केलं होतं? चौदावं कारण, कुमुद. मला माझी मैत्रीण परत हवी होती. तुझा संसार मी तीन कपांसकट नळाखाली धरला. तो वाचला तो अबू सालेमनी दुसऱ्यांदा यायचं ठरवलं म्हणून.

परवा सालेम आला. नूराला घेऊन. फोन न करता, दुपारी. दारात उभा. दाढी पांढरी झाली आहे. आणि हातात बटाट्यांची पिशवी. श्रीधरनं ती त्याच्या हातातून घेतली, आत नेऊन ठेवली आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

नूरा तुझ्यासारखीच भुवई उचलते. चौदाची झाली, माझ्याहून उंच आहे. "मावशी," म्हणाली, "आईनं तुझा फोटो भिंतीवर लावला होता, अबू सालेम आजोबांच्या शेजारी. लहानपणी मी विचारलं हे कोण, तर म्हणाली, माझं घर."

मी कॉफी केली. डब्यातलीच, दूध घालून. हात दुसरं काही करायला तयार नव्हते. तीन कप, त्याचा, नूराचा, माझा. सालेमनं आपला कप उचलला, मान झुकवली आणि टेबलावर परत ठेवला. नूरानंही ठेवला.

मला कळलं. काहीतरी मागायला आला होता. मला 'प्या' म्हणता आलं नाही. त्याच्या आधी जे म्हणायचं होतं ते म्हटलं. सगळं सांगितलं, हमदान दाराशी आल्यापासून नळापर्यंत. खाली बघून सांगितलं.

मग तो म्हणाला, "माहीत आहे. हमदाननं तिला परतीच्या विमानातच सांगितलं होतं."

मी वर बघितलं. "तिला माहीत होतं?"

"दहा वर्षं."

"मग दर वेळी विचारायची कशाला?"

"मीही विचारलं होतं तिला. म्हणाली, सुधाला एक दिवस सांगावंसं वाटेल. तेव्हा मी विचारलेलं असू दे." तो थोडा हसला. "इथून परत आली की मी विचारायचो, सांगितलं का? ती म्हणायची, नाही. पण या खेपेला सुधानं तेच भांडं दोनदा पुसलं."

कुमुद, दहा वर्षं तू माझ्यासाठी दार उघडं ठेवून भांडी पुसत होतीस. तुला राग आला नव्हता का? विमानात, नूराला मांडीवर घेऊन, ते ऐकल्यावर तुला काय वाटलं असेल? हे मला तुला विचारायचं आहे आणि आता विचारता येत नाही. मी वेळेत सांगितलं असतं तर विचारता आलं असतं. एवढंच मला या सगळ्यातून कळलं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाच्या उपयोगाचं नाही.

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "प्या."

सालेम म्हणाला, "मागणं अजून ऐकलं नाहीस."

"दिलं. आधी प्या. गार होतंय."

ते प्यायले. मग त्यानं सांगितलं. त्याला मी तिकडे यायला हवी होते. वस्तीतली माणसं तुझ्यासाठी येऊन गेली, सगळे बसले, जेवले, पण तुझ्या माहेरचं कुणी नव्हतं. सासूबाई, गुडघे धरून, दारात खाट टाकून बसतात आणि विचारतात, उम्म नूराची माणसं कधी येणार? त्यांना सांगितलं आहे, त्यांची रीत आहे, ते वेळ घेतात.

मी येते आहे. जुलैत, ज्या आठवड्यात तू इकडे येणार होतीस त्याच आठवड्यात. रजा मंजूर झाली. फ्रिजवरच्या यादीतलं मलम आणि व्याकरणाचं पुस्तक आज आणलं, त्यांच्यापुढे टिक केली. हिंग सासूबाईंना आणि थर्मामीटर दवाखान्यात देईन. परकर तुझे आहेत, ते कुणाला द्यायचे ते नूरा सांगेल. खाली एक ओळ नवीन लिहिली आहे. बटाटे. मुलीकडे जाताना माहेरच्यांनी रिकाम्या हातानं जायचं नाही.

परवा ते गेल्यावर मी टेबल आवरायला घेतलं. तिन्ही कपांत वाकून बघितलं. तिन्ही रिकामे होते. मगच उचलले.

तुझी,
सुधा